शून्याचा हट्ट सोडा, भाऊ

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात माझं कृषी केंद्र आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी लावली, त्याला दहा महिने झाले. दगड-वाळू धरून पाणी दोनशे लिटरच्या आसपास. दोन क्लाउनफिश, एक गोबी मासा, एक क्लीनर झिंगा, थोडे शंख आणि मऊ प्रवाळ: झोआ, मशरूम, एक लेदर.

दिवाळीनंतर दगडांवर हिरवं, केसाळ शेवाळ माजलं. तपासलं तर नायट्रेट ४० पीपीएम (म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) आणि फॉस्फेट ०.२५. व्हिडिओ पाहून मी सगळे उपाय एकदमच केले. फॉस्फेट शोषणारे लोखंडाचे दाणे दुप्पट घातले. माशांना एक दिवसाआड खाद्य दिलं. जिवाणू पोसले जाऊन त्यांनी नायट्रेट-फॉस्फेट उचलावं म्हणून व्होडका घाला म्हणतात, पण आपल्या जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून रोज व्हिनेगर घातलं. तीन आठवड्यांत दोन्ही आकडे शून्यावर आले आणि हिरवं शेवाळ गेलं. पण आठच दिवसांत वाळूवर तपकिरी, चिकट थर आला. सकाळी वाळू जवळजवळ पांढरी असते, दुपारपर्यंत सगळीकडे शेंबडासारखे धागे आणि त्यांत अडकलेले बुडबुडे. शंख उलटे पडून मेले. झोआ मिटून बसलेत, लेदर आकसलंय.

शेततळ्यात टाकतो तसं थोडं मोरचूद टाकू का? दुसरं, माझे साळे दर्यापूरचे. ते म्हणतात, आमच्या खारपाण पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच खारं आहे, तुम्ही समुद्री मीठ विकत कशाला आणता? आणि सौ. म्हणते, उन्हाळ्यात गावात टँकर येतो अन् तुम्ही आरओचं पाणी काचेत ओतता, मोडून टाका ती टाकी. तुम्हीच सांगा काय करू.

— एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी मोरचुदाचं, कारण तिथे घाई झाली तर बाकीचं सगळं सांगून उपयोग नाही. मोरचूद टाकू नका, चिमूटभरसुद्धा नाही. मोरचूद म्हणजे तांबं. शंख, झिंगे, प्रवाळ अशा बिनकण्याच्या समुद्री जिवांना ते अगदी कमी मात्रेत मारतं. शिवाय टाकीतले दगड आणि वाळू चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या असतात. त्या तांबं धरून ठेवतात आणि पुढे बरेच महिने थोडं थोडं सोडत राहतात. एकदा तांबं गेलेल्या टाकीत पुन्हा झिंगा जगवणं फार कठीण होतं. माशांच्या परजीवींवर तांब्याचं औषध देतात ते खरं, पण मासा वेगळ्या, रिकाम्या टाकीत काढून. शेवाळनाशक म्हणून विकली जाणारी बाकीची औषधंही सध्या लांबच ठेवा.

आता टाकीत काय आहे ते पाहू. तुम्ही लिहिलेली खूण महत्त्वाची आहे: सकाळी वाळू स्वच्छ, दुपारी बुडबुड्यांचे चिकट धागे, आणि शंखांचे मृत्यू. यावरून मला ते डायनोफ्लॅजेलेट वाटतात. हौशी मंडळी त्यांना नुसतं डायनो म्हणतात. नव्या टाकीत येणारा तपकिरी भुकटीसारखा थर डायटमचा असतो. तो बोटाने सहज पुसला जातो आणि काही आठवड्यांत आपोआप जातो. सायनोबॅक्टेरियाचा थर लालसर-जांभळा असतो आणि चादरीसारखा सलग उचलला जातो. तुमचं वर्णन या दोन्हींत बसत नाही.

तरी खात्री करून घ्या, घरच्या घरी होते. दुपारी थोडा चिकट थर टाकीच्याच पाण्यासकट छोट्या बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, टिश्यू पेपरातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पाण्यात पुन्हा धागे किंवा गुठळ्या जमल्या तर डायनोच. त्याहून चांगलं म्हणजे तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन एक थेंब चारशे पट मोठा करून पाहा. थेंबाच्या आकाराच्या पेशी एका टोकाने खिळल्यासारख्या जागच्या जागी गरगर फिरताना दिसल्या तर ते ऑस्ट्रिऑप्सिस. लांबट गोल पेशी शांतपणे घसरत पुढे सरकत असतील तर अ‍ॅम्फिडिनियम. हे ओळखणं उगाच नाही. दोघांवरचा इलाज वेगळा आहे, तो पुढे सांगते.

तोवर तुमच्या जिवाची काळजी घ्या. नळी तोंडाने ओढून पाणी काढत असाल तर ते आजपासून बंद. ऑस्ट्रिऑप्सिसची काही विषं माणसालाही बाधतात. २००५ च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जेनोआच्या किनाऱ्यावर त्याचा मोठा बहर आला, तेव्हा समुद्रावरून आलेले तुषार श्वासात जाऊन सुमारे दोनशे लोकांना दवाखाना गाठावा लागला होता. तुमची टाकी समुद्राएवढी नाही, पण हात घालताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका, लेकरांना तिथे खेळू देऊ नका. झोआ चिकटलेला दगड तर कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं आणि वाफेबरोबर ते घरभर पसरतं.

आता हे आलं कुठून? भाऊ, तुम्ही खतं विकता, म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर उमगेल. युरिया जास्त झाला की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, नुसती माजते, पालाच पाला येतो. तुमचं केसाळ शेवाळ हा तोच प्रकार होता. मग तुम्ही खत कमी केलं नाही, वावरातला नत्र आणि स्फुरद दोन्ही तीन आठवड्यांत मुळासकट उपसून काढला. असं केलं तर पऱ्हाटीही जाते, आणि मग मोकळ्या पडलेल्या वावरात जे उगवतं ते पऱ्हाटीहून चिवट असतं. डायनो तसेच आहेत. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट दिसेनासं झालं की इतर शेवाळं आणि जिवाणू मागे पडतात. डायनो मात्र तगतात, कारण त्यांतले बरेचसे उजेडावर जगतात आणि जोडीला इतर सूक्ष्मजीव गिळूनही पोट भरतात. रिकामी झालेली जागा ते अडवतात. विषामुळे त्यांना खाणारं कुणी उरत नाही, तुमचे शंख त्यातच गेले.

म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळाच्या टाकीत, शून्य हे ध्येय नाही. थोडं, मोजता येईल एवढं आणि रोज जवळजवळ सारखं असलेलं नायट्रेट-फॉस्फेट हवं.

तुम्ही म्हणाल, खऱ्या समुद्रात प्रवाळाच्या आसपास नायट्रेट जवळपास शून्यच असतं. बरोबर आहे, मोजलं तर नगण्यच निघतं. पण समुद्रात आकडा लहान असला तरी आवक अखंड चालू असते. प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाहत येतात, माशांचे थवे दिवसभर चरतात आणि विष्ठा टाकत जातात. प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाला आणि प्रवाळाला सतत काहीतरी मिळत राहतं. तुमच्या टाकीत दिवसाआड चिमूटभर खाद्य पडलं आणि बाकीचं दाण्यांनी आणि व्हिनेगरवर पोसलेल्या जिवाणूंनी उचललं. तिथे शून्य म्हणजे खरोखर उपास. नायट्रेट आहे आणि फॉस्फेट अजिबात नाही, ही स्थिती तर प्रवाळाला विशेष बाधते. रंग फिका पडतो, अंग आकसतं. तुमचं लेदर तेच सांगतंय.

वाचणारे लोक इथे रेडफिल्डचं प्रमाण काढतात. समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये समुद्रातल्या प्लवकांत आणि पाण्यात नत्र-स्फुरदाचं ठरावीक प्रमाण दिसतं हे मांडलं. पुढे ते कार्बन १०६, नत्र १६, स्फुरद १ असं रूढ झालं. पण ते अणूंचं प्रमाण आहे. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या वजनात ते साधारण दहाला एक पडतं. पीपीएमचे आकडे घेऊन सोळाला एक साधायचा आटापिटा करणं व्यर्थ. मला प्रमाणाची फारशी चिंता नाही, दोन्हींपैकी एकही शून्याला टेकू नये एवढीच आहे. मऊ प्रवाळाच्या टाकीला नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ मला पुरेसं वाटतं.

आकड्यांच्या दोन अडचणी आधीच सांगून ठेवते. काही किट नायट्रेट दाखवतात, काही नायट्रेटमधला नुसता नत्र. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४३ ने गुणावा लागतो. डिजिटल मीटर बहुधा स्फुरद पीपीबीत, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात, दाखवतो. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. गोणीवरचं पी-टू-ओ-फाइव्ह आणि शुद्ध स्फुरद यांतला फरक तुम्ही शेतकऱ्यांना रोज समजावता, तसंच हे. दुसरी अडचण उन्हाची. तापलेल्या खोलीत पडून राहिलेली किटची औषधं निकामी होतात. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात नायट्रेट बहुधा असतंच, म्हणून त्या पाण्याची त्याच किटने चाचणी घ्या. तिथेही नायट्रेट शून्य दाखवलं तर किटवरच संशय घ्या. आणि शेवाळ डोळ्यांना भरपूर दिसत असताना पाण्यात शून्य आलं, तर ते सगळं शेवाळाच्या पोटात गेलेलं असतं. पाण्यातला आकडा म्हणजे वापरून उरलेली शिल्लक.

आता उपाय. लोखंडाचे दाणे आजच काढा. व्हिनेगर तीन-चार दिवसांत उतरवत बंद करा. माशांना रोज, दिवसातून दोनदा थोडं थोडं खाद्य द्या. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू राहू द्या, तो पाण्यात हवा मिसळतो. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत घालून वाहत्या पाण्यात ठेवा आणि दर आठवड्याला बदला. डायनोची विषं उचलायला त्याची मदत होते. चिकट थर नळीने ओढताना पाणी बारीक कापडातून गाळून तेच टाकीत परत सोडा. मोठे पाणीबदल तूर्त थांबवा. ताज्या मिठाच्या पाण्याने डायनो उलट जोर धरतात, असा बऱ्याच जुन्या हौशी लोकांचा अनुभव आहे.

खाद्य वाढवूनही आकडा हलला नाही तर नत्र आणि स्फुरद बाहेरून द्यावं लागेल. इथे तुमचा हात दुकानातल्या १३:००:४५ आणि ००:५२:३४ कडे जाईल, हे मला माहीत आहे. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनोपोटॅशियम फॉस्फेट. रेणू तेच आहेत. पण शेतीसाठीच्या खताची शुद्धता झिंग्याच्या हिशेबाने ठरवलेली नसते, आणि काही विद्राव्य खतांत सूक्ष्म अन्नद्रव्यं म्हणून तांबं-जस्त मिसळलेलं असतं. नागपूर किंवा अमरावतीला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट मागवा. लहान बाटल्या पुरतात.

एक लिटर शुद्ध पाण्यात २७ ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळवा. त्यातलं १० मिलि दोनशे लिटरच्या टाकीत घातलं की नायट्रेट साधारण १ पीपीएमने वाढतं. दुसऱ्या बाटलीत एक लिटरला ५.७ ग्रॅम फॉस्फेट. त्याचं १ मिलि म्हणजे ०.०२ पीपीएम. वजन सोनाराच्या काट्यावर करा, दुकानातल्या वजनकाट्याला एवढं बारीक जमणार नाही. बाटल्यांवर ठळक लिहा आणि फवारणीच्या मालापासून वेगळ्या कपाटात ठेवा. नायट्रेट दिवसाला १ ते २ पीपीएमपेक्षा आणि फॉस्फेट दिवसाला ०.०२ पेक्षा जास्त वाढवू नका. रोज संध्याकाळी मोजा, मगच घाला. सुरुवातीला फॉस्फेट घालाल आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य दिसेल. घाबरू नका आणि मात्राही वाढवू नका. दगड फॉस्फेट शोषून घेतात, त्यांचं भरल्यावर आकडा टिकायला लागतो.

आता सूक्ष्मदर्शकाचा उपयोग. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतं, म्हणून त्यावर यूव्ही दिवा चालतो. दोनशे लिटरला १८ ते २५ वॅटचा, पाणी हळू वाहेल असा, आणि पाणी थेट मुख्य टाकीतून घेऊन तिथेच सोडणारा. सोबत तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाकली तर चांगला फरक पडतो, मऊ प्रवाळ तेवढं सहन करतात. पण अंधारात मेलेले डायनो सडून प्राणवायू खातात. त्या तीन दिवसांत लोडशेडिंग झालं आणि पंप बंद पडला तर मासे सकाळपर्यंत राहणार नाहीत. आधी बॅटरीवरचा हवेचा पंप घ्या किंवा खालच्या सम्पमधून (टाकीखालच्या छोट्या टाकीतून) पाणी वर आणणारा पंप इन्व्हर्टरवर जोडा, मगच झाकाझाकी करा. अ‍ॅम्फिडिनियम निघालं तर यूव्हीवर पैसे घालवू नका. ते रात्रीही वाळूतच राहतं. तिथे पोषण परत आणणं, थर उपसत राहणं आणि धीर धरणं, एवढंच हातात आहे.

डायनो गेले म्हणजे झालं असं नाही. पहिलं नायट्रेट ४० वर कसं गेलं होतं, हे शोधलं नाही तर वर्षभरात पुन्हा हेच पत्र लिहावं लागेल. तुमच्या टाकीत मासे तीन, त्यांच्या खाद्यातून एवढं येणं कठीण. माझा संशय भरणीच्या, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरता त्या, पाण्यावर आहे.

आपल्या भागातल्या भूजलात नायट्रेट फार आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांत वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा ही नावं त्यासाठी येतात. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. समजा, तुमचं बोअर बरोबर मर्यादेवर आहे आणि पंख्याखाली रोज पाच लिटर पाणी उडतं. तेवढंच बोअरचं भरलं तर रोज २२५ मिलिग्रॅम नायट्रेट आत जातं, म्हणजे दोनशे लिटरमध्ये दिवसाला १ पीपीएमहून जास्त. महिन्याला तीसच्या वर. पाणी उडतं, नायट्रेट उडत नाही.

तुम्ही आरओचं पाणी भरता, हे चांगलंच. पण घरगुती आरओमध्ये एक गोम असते. चव यावी म्हणून बऱ्याच मशीनमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलरचा छोटा व्हॉल्व्ह असतो, तो थोडं कच्चं पाणी पुन्हा शुद्ध पाण्यात मिसळतो. काहींत शेवटी मिनरल कार्ट्रिज असते. टाकीचं पाणी या दोन्हींच्या आधीच्या नळीतून घ्या आणि त्यापुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनचा एक डबा जोडा. टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. इथे मात्र शून्यच हवं. आपला खडक बेसाल्टचा, पाण्यात सिलिका विरघळलेली असते. आरओतून तिचा काही भाग निसटतो आणि रेझिन थकत आलं की सर्वांत आधी तीच बाहेर पडते. मीटर एक-दोन दाखवू लागला की रेझिन बदला.

साळ्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण मानू नका. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारपाण खारं आहे, समुद्री नाही. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं असतं: मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४०० ते ४२०, पोटॅशियम ४०० च्या घरात. खारपाणात क्षार तेवढे नाहीत आणि आहेत त्यांचं प्रमाण वेगळंच. लोणारचं पाणीही खारटच आहे, पण सामू दहाच्या आसपास; समुद्राचा आठाच्या थोडा वर. प्रवाळाला खारटपणा पुरत नाही, तो नेमका समुद्राचा लागतो. मिठाचं पोतं विकत आणा आणि ओलसर हवेपासून जपा.

उन्हाळ्याचं आत्ताच ठरवा. मे महिन्यात आर्वीकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि टाकीचं पाणी २७ च्या आत ठेवायचं असतं. पाणी ३० वर गेलं की प्रवाळावर ताण येतो, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि सायनोचा लाल थर फोफावतो. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे पृष्ठभागावर तिरपा सोडलेला साधा पंखा इथे चांगलं काम करतो, दोन-तीन अंश सहज उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत तो एवढा चालत नाही. पण खोली ४० वर असेल तर पंखा एकटा पुरणार नाही. खिडकीला ओला वाळ्याचा पडदा, दुपारी दिवे बंद ठेवून संध्याकाळी लावणं, आणि शक्य असेल तर पाणी थंड करणारं यंत्र, चिलर. पंख्याखाली पाणी जास्त उडतं आणि खारटपणा चढतो, म्हणून भरणी रोज, थोडी थोडी, फक्त शुद्ध पाण्याची. घनता १.०२५ च्या आसपास राहू द्या.

टाकी दुकानामागे आहे, हेही मला खटकतं. १८:४६ ची, म्हणजे डीएपी खताची, गोणी फोडताना उडणारी धूळ म्हणजे नत्र आणि स्फुरद दोन्ही. तिथून कीटकनाशकांचा वास येत असेल तर काळजी आणखी मोठी. पायरेथ्रॉइड गटातली औषधं झिंग्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. मधल्या दाराला पट्टी लावा, टाकीला झाकण-जाळी ठेवा, हवेच्या पंपाची हवा दुकानातून ओढली जाणार नाही असं पाहा आणि माल हाताळलेला हात साबणाने धुतल्याशिवाय पाण्यात घालू नका. जमलं तर टाकी घरातल्या खोलीत हलवा.

पोषण परत आलं की डायनो ओसरतील आणि थोडं हिरवं शेवाळ पुन्हा दिसेल. ते दिसलं तर आनंद माना, टाकी सावरतेय. ते हाताने उपटा, नवे टर्बो किंवा ट्रोकस शंख सोडा, मात्र डायनो पूर्ण गेल्यावरच. गोठवलेलं खाद्य शुद्ध पाण्यात वितळवून, गाळून द्या, ते पाणी टाकून द्या. दिवे दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नकोत. खालच्या सम्पमध्ये कीटोमॉर्फा या शेवाळाचा एक गुंता ठेवा, त्यावर रात्री दिवा लावा. तिथे वाढलेलं शेवाळ दर पंधरवड्याला मूठभर काढून टाकलं की तेवढं नायट्रेट-फॉस्फेट टाकीबाहेर गेलं. हा रस्ता सावकाश जातो, म्हणूनच मला आवडतो. फॉस्फेटचे दाणे पुन्हा लागलेच तर पाकिटावरच्या मात्रेच्या चौथाईपासून सुरुवात करा.

प्रवाळ घेताना एक पथ्य पाळा. आपल्या देशात खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. कुणी किनाऱ्यावरून काढलेलं प्रवाळ किंवा प्रवाळाचा जिवंत दगड कुरिअरने पाठवतो म्हणाला तर घेऊ नका. भाजलेल्या मातीचे किंवा तयार केलेले कोरडे दगड मिळतात, त्यांवर काम भागतं.

राहिलं वहिनींचं म्हणणं. ते खरं आहे, त्याला उत्तर द्यायलाच हवं. तुमच्या टाकीला उन्हाळ्यात रोज पाच-सहा लिटर शुद्ध पाणी लागेल आणि आरओ त्याच्या दोन-तीन पट पाणी बाहेर फेकेल. ते गटारात जाता कामा नये. पिंपात धरा, फरशी पुसायला, संडासात, गाडी धुवायला वापरा. झाडांना रोज तेच घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. पावसाळ्यात स्लॅबवरचं किंवा स्वच्छ ताडपत्रीवरचं पाणी धरता येईल. पहिला पाऊस सोडून द्या, पुढचं पाणी कार्बन आणि रेझिनमधून काढून झाकलेल्या पिंपात साठवा. टिनाच्या छपरावरचं नको, त्यातून जस्त उतरतं. मे महिन्यात टँकर यायला लागला आणि वहिनींना हंडे मोजावे लागले, तर त्या वर्षी मासे आणि प्रवाळ दुसऱ्या हौशी माणसाकडे ठेवायला द्या. माझ्या मते त्या घरात वहिनींचा शब्द शेवटचा असावा. आज मात्र टाकी मोडण्याचं कारण दिसत नाही.

पंधरा दिवसांनी रोजचे नायट्रेट-फॉस्फेटचे आकडे, बोअरच्या पाण्याचं नायट्रेट, आरओच्या पाण्याचा टीडीएस आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं ते लिहून पाठवा. भ्रमणध्वनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला लावून छोटी चित्रफीत काढली तर आणखी बरं. फोटोपेक्षा पेशींच्या चालीवरून जात लवकर कळते.